आण्णांच्या जिभेची वही : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मंगळवारी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पहिली किमो झाली, आज पाचवा दिवस. सकाळी आईनं स्टीलच्या वाटीत पोहे दिले, त्यांनी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. "पत्रा चाटल्यागत लागतंय," एवढंच म्हणाले. ७१ वर्षांचा माणूस, तालमीत वाढलेला, ताटात शीत सोडत नाही, आणि आज पोहे तसेच राहिले. आई काही बोलली नाही, पण नंतर स्वयंपाकघरात बराच वेळ उभीच होती.

वही आजपासून सुरू करतोय. आधी माहिती लिहून ठेवतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, लसिका गाठींमध्ये पसरल्याचं रिपोर्टमध्ये आलं म्हणून किमो. फोलफॉक्स नावाचा प्रोटोकॉल आहे, दर १४ दिवसांनी एक अशा १२ सायकली. हॉस्पिटलच्या डे-केअरला आधी ऑक्सॅलिप्लॅटिन आणि ल्युकोव्होरिन दोन तास चालतं, मग फाईव्ह एफयूचा (हे पण किमोचंच औषध) एक डोस पटकन शिरेतून, आणि उरलेलं फाईव्ह एफयू छातीच्या पोर्टला (औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवलेली डबी) जोडलेल्या पंपातून ४६ तास हळूहळू. पंप घेऊन घरी यायचं आणि तिसऱ्या दिवशी काढायला जायचं. वजन आज ६८.४ किलो.

१७ जून

आठवा दिवस. तोंड आलं. खालच्या ओठाच्या आत दोन आणि जिभेच्या कडेला एक फोड, जिथे कवळीची कड लागते बरोबर तिथेच. पाणी पितानासुद्धा डोळ्यात पाणी येतंय. फोन केला तर डॉक्टरांनी आधी दोनच गोष्टी विचारल्या, ताप आहे का आणि जुलाब होतायत का. दोन्ही नव्हतं. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी यायचं, सकाळची वाट बघायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं म्हणून मी पण इथे ठळक लिहून ठेवतोय.

गुळण्यांचं प्रमाण : एक ग्लास कोमट पाणी, पाव चमचा खायचा सोडा, त्याच्या निम्मं मीठ. दर दोन-तीन तासांनी, शिवाय खाण्याआधी आणि खाल्ल्यावर. खायचाच सोडा, धुण्याचा नव्हे आणि बेकिंग पावडर पण नव्हे, आमच्या घरात तिन्ही एकाच फळीवर होते ते आज वेगळे केले. पाणी रोज ताजं करायचं. मेडिकलमधला झोंबणारा माउथवॉश बंद, त्यात अल्कोहोल असतं, त्यानं तोंड अजून कोरडं पडतं. ब्रश लहान मुलांचा, एकदम मऊ.

असं का होतं ते पण विचारलं. डॉक्टर म्हणाले, किमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर जाते, आणि तोंडाच्या आतली कातडी न् जिभेवरच्या चवीच्या पेशी दर दहा-बारा दिवसांनी नव्यानं तयार होत असतात, म्हणून मार तिथेही बसतो. म्हणजे जीभ मेलेली नाही, परत तयार होतेय. हे मी आण्णांना दोनदा वाचून दाखवलं.

२५ जून

काल दुसरी सायकल. आजची गोष्ट लिहिताना हात थरथरतोय पण लिहिणार, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून हे होऊ नये.

किमो चालू असताना तोंडात बर्फ ठेवला की फोड कमी येतात असं मी वाचलं होतं. आज संध्याकाळी आण्णा म्हणाले तोंड भगभगतंय, मी फ्रीजमधून बर्फाचा खडा काढून दिला. त्यांनी तोंडात टाकला आणि दुसऱ्या क्षणी गळ्याला हात लावला. घसा आवळला, श्वास येईना असं वाटायला लागलं, डोळे मोठे झाले. बर्फ थुंकायला लावला, गरम पाण्याचा तांब्या तोंडासमोर धरला, वाफ घ्यायला लावली, मग एक-एक घोट कोमट पाणी. चार-पाच मिनिटांत उतरलं. ती पाच मिनिटं आईनं माझा दंड सोडला नव्हता.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हे ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे. त्या औषधानंतर काही दिवस गार वस्तूनं नसा अशा वागतात. श्वासनलिका खरी बंद होत नाही पण माणसाला तसंच वाटतं, बोटांना पण गार लागलं की मुंग्या येतात. बर्फाचा उपाय खोटा नाही, तो फाईव्ह एफयूच्या त्या पटकन दिलेल्या डोससाठी आहे, गारव्यानं तोंडातल्या शिरा आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. पण सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असताना तो करायचा नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'थंड पदार्थ टाळा' असं छापलेलं होतं. मी ते सर्दीसाठीचं समजून वाचलं होतं.

आजपासून फ्रीजला कागद चिकटवलाय : आण्णांनी उघडायचा नाही, आणि त्यांना द्यायची कुठलीही वस्तू आधी बाहेर दोन तास.

१ जुलै

आता पद्धत. मी फाउंड्रीत आहे, कोल्हापूरजवळ शिरोलीला. कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेची भोकं) आले की आम्ही ट्रायल घेतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो, वाळूचं मॉइश्चर न् मेटलचं टेंपरेचर दोन्ही एकदम बदललं तर कशानं सुधारलं ते कधीच कळत नाही. घरात गेले पंधरा दिवस उलटं चाललंय, एक पदार्थ नको झाला की दुसराच करायचा, तो पण नको झाला की तिसरा, आणि सगळेच 'नको'च्या यादीत.

म्हणून प्रत्येक पदार्थाला ओळीत हे लिहायचं : सायकलचा कितवा दिवस, पदार्थ, गरम की कोमट, कशात वाढलं, आणि आण्णांचे पाचपैकी मार्क.

पहिली ट्रायल भांड्यांची. तोच मऊ भात, तेच तूप, तेच मीठ. स्टीलच्या वाटीत स्टीलच्या चमच्यानं : १ मार्क. काचेच्या बाऊलमध्ये लाकडी चमच्यानं : ३ मार्क. मग पाणी. स्टीलचं भांडं आणि तांब्याचा तांब्या दोन्हीला शून्य, काचेच्या ग्लासात ३. तांब्याचा तांब्या आण्णांच्या आईचा, रात्री उशाशी असतोच, तो तात्पुरता देव्हाऱ्याशेजारी ठेवला. चिनी मातीच्या दोन बशा, लाकडाचे तीन चमचे, एकूण खर्च ३४० रुपये. एवढ्यावर एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसरी ट्रायल वासाची. कांदा-लसूण चटणीची फोडणी बसली की त्यांना उमळून येतं, हे चवीपेक्षा मोठं आहे. आता सकाळी ते रंकाळ्यावर फेरी मारायला गेले की तेवढ्या वेळात फोडण्या उरकायच्या आणि खिडक्या उघड्या टाकायच्या. वाढताना वाफ गेलेली पाहिजे. गरम पदार्थाचा वास जास्त येतो आणि गार चालत नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळं कोमट.

१२ जुलै

तिसरी सायकल ८ तारखेला झाली. आज पाचवा दिवस. मार्क छान दिसतायत, गेल्या चार दिवसांत सगळ्याला ४. पण वजन ६६.१. म्हणजे कुठेतरी गडबड आहे.

रात्री आई झोपल्यावर विचारलं. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तुझी आई दिवसातनं सा बारी गॅस पेटवती. तिला काय सांगू, माती लागतंय म्हणून?" चार दिवस त्यांनी मार्क आईसाठी दिले होते. अर्धं खाणं नातीच्या ताटात जात होतं.

मी म्हटलं, आण्णा, खाल्लं नाही तरी चालेल, पण वहीत खरं सांगा, नाहीतर उद्या मी परत तेच करायला सांगणार. तेव्हापासून मार्क माझी पोरगी घेते, आठवीत आहे. जेवणानंतर अर्ध्या तासानं, आई तिथे नसताना. आईला पण मी सांगितलं की १ मार्क म्हणजे तुझ्या हाताला १ नाही, औषधाला आहे. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण ती आता वही वाचते.

चार दिवसांचे सगळे आकडे लाल पेनानं खोडले.

१७ जुलै

दहावा दिवस. फोड खरंतर बरे होत आले होते पण आज म्हणतात तोंडात कापूस भरल्यागत झालंय, जीभ भगभगतेय. टॉर्च लावून बघितलं तर जिभेवर आणि गालाच्या आत दह्याचे कण चिकटल्यासारखा पांढरा थर. आईनं फडक्यानं पुसायला घेतला, मी थांबवलं, खालून रक्त येतं. फोटो पाठवला, संध्याकाळी दाखवून आलो. बुरशी आहे, प्रतिकारशक्ती कमी झाली की तोंडात होते. क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध दिलं, दिवसातून चार वेळा, लावल्यावर लगेच पाणी प्यायचं नाही.

आणि कवळी! डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, रात्री काढता का. आण्णा कवळी घालून झोपतात, गेली नऊ वर्षं. तीच बुरशीचं घर झालेली. आता रात्री काढायची, घासून भिजत ठेवायची, दिवसा पण तोंड दुखत असेल तर फक्त जेवण्यापुरती. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर पहिल्या सायकलचा जिभेच्या कडेचा फोड पण कदाचित वाचला असता. किमो सुरू व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारायला पाहिजे होती, टोचणारे दात, हलणारे दात, कवळीची कड, हे सगळं तेव्हाच बघून घ्यायचं असतं. आम्ही ऑपरेशन, पैसे आणि रिपोर्ट यातच होतो.

२९ जुलै, नागपंचमी

चौथ्या सायकलचा आठवा दिवस. आजचा दिवस मोठा आहे.

आण्णांना प्रोटीन पाहिजे आणि पाचव्या ते नवव्या दिवसापर्यंत डाळीचं पाणी आणि अंड्याचा बलक सोडून काही जात नाही. मटण दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा लोखंड लागतं म्हणाले, तांबड्या मटणाला अशी धातूची चव जास्त येते असं डायटिशियन पण म्हणाली. तांबडा रस्सा तर विषयच नाही, फोडांवर तिखट म्हणजे आग. पण मग मला पांढरा रस्सा आठवला. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ. त्यातनं मिरची आणि काळीमिरी काढली तर उरतं ते सगळं मऊ, स्निग्ध आणि ताकदीचं. मटणाऐवजी कोंबडीचं पाणी घ्यायचं, वाटण दोनदा गाळायचं म्हणजे खसखशीचा दाणा फोडात बसणार नाही.

अडचण एकच, श्रावण चालू आहे. आईनं लग्नापासून एक श्रावण मोडलेला नाही आणि आज तर नागपंचमी, चिरायचं-कापायचं पण नाही. मी बाहेरच्या गॅसवर स्वतः करायला घेतलं. अर्ध्या तासानं आई आली, माझ्या हातातली पळी घेतली आणि म्हणाली, "नारळाचं दूध उकळत्यात घालतात व्हय? फाटंल." गॅस बारीक करून तिनंच दूध घातलं, ढवळत उभी राहिली, मीठ जिभेला न लावता अंदाजानं टाकलं.

पांढरा रस्सा, कोमट, चिनी मातीच्या बाऊलमधून, आठवा दिवस : ४ मार्क. पोरीनं दोनदा विचारून घेतले. दीड बाऊल.

५ ऑगस्ट

पाचवी सायकल आज होती, झाली नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी कमी, एक आठवडा पुढे. सगळे गप्प होऊन घरी आलो. रस्त्यात आण्णांना गंगावेशीच्या कट्ट्यावर थांबायचं होतं, म्हशीचं धारोष्ण दूध, चाळीस वर्षांची सवय. थांबू दिलं नाही. कच्चं दूध, उसाचा रस, बाहेरची कापलेली फळं, काउंट कमी असताना यातलं काहीच नको असं सांगितलेलं आहे. त्याऐवजी घरी तालमीतली थंडाई करायची ठरलं, बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा, आण्णा सांगणार आणि मी वाटणार, उकळलेल्या दुधात, कोमट. नावच थंडाई आहे पण काय करणार.

८ ऑगस्ट

अठरावा दिवस. अशी नोंद आत्तापर्यंत वहीत नव्हतीच, कारण चौदाव्या दिवसानंतर परत पहिला यायचा.

दुपारी मेथीची भाजी होती, आमच्यासाठी केलेली. आण्णांनी मागितली. घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "कडू हाय."

आईला वाटलं परत तोंड बिघडलं. ते म्हणाले, "न्हाई गं, मेथीगत कडू हाय." मग परत घेतली, भाकरी दुधात न कुस्करता, नुसती, चावून.

वही घेऊन बसलो आणि चारही सायकलींच्या नोंदी आणि मार्क एकाखाली एक लिहिले तेव्हा दिसलं ते इतके दिवस समोरच होतं. पहिला दिवस ठीक. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत पत्रा. सात ते दहा फोड. दहानंतर चव हळूहळू चढते, बारा-तेराला बऱ्यापैकी येते आणि तेवढ्यात पुढची सायकल. पाचव्या दिवशी शून्य मिळालेली मुगाची खिचडी आम्ही कायमची बंद केली होती, पण तिला बाराव्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं. पदार्थाला मार्क नव्हतेच ते, दिवसाला होते.

तर आता 'नको'ची यादी फाडली. त्याजागी तीन पानं. दोन ते सात : भांडी बदललेली, कोमट, लिंबाचे दोन थेंब किंवा गुळाचा खडा टाकून पत्र्याची चव झाकणारं, आंबील, मऊ भात, घट्ट वरण, थंडाई. सात ते दहा : लिंबू-चिंच-टोमॅटो बंद, मीठ कमी, गाळलेलं, पांढरा रस्सा, शिरा, दुधात भिजवलेली भाकरी. दहा ते चौदा : पोटभर, अंडी, पनीर, मासे, जे मागतील ते, आधीचं सगळं भरून काढायचं. चव अगदीच मातकट असेल तर चिमूटभर मीठ, फार गोड लागलं तर लिंबू, हे पण कोपऱ्यात लिहिलं.

२८ ऑगस्ट

पाचवी सायकल १२ ला झाली, सहावी परवा २६ ला. काल गणपती बसले तेव्हा आण्णांच्या गळ्यात पंपाची पिशवी होती, तशीच उभं राहून आरती म्हटली, घंटा मात्र हातात घेतली नाही, पितळ गार लागतं. उकडीचा मोदक समोर ठेवला, त्यांनी कपाळाला लावला आणि परत ठेवला. दुसरा दिवस होता, खाऊन तोंड वाईट झालं असतं, आणि मग मोदकच नकोसा झाला असता. त्यांनीच सांगितलं, "माझं चौदाच्या आत करा."

६ सप्टेंबर

बारावा दिवस. घरचा गणपती गौरीबरोबर गेला मंगळवारी. आज आईनं फक्त आण्णांसाठी उकड काढली. दोन मोदक, कोमट तूप, काचेच्या बशीत. ५ मार्क, वहीतले पहिले. वजन ६५.९, म्हणजे महिनाभर जागेवर आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

सातवी आणि आठवी सायकल झाली. तोंडाचं वेळापत्रक तेच, आता आम्हालाही सवय झाली, त्यामुळे फार लिहीत नाही. काळजी बोटांची आहे. सोनं द्यायला आपट्याची पानं उचलताना दोनदा सुटली. आता गार नसलं तरी बधिर, शर्टाचं बटण लागत नाही. पुढच्या वेळी सांगायचं, आण्णा सांगणार नाहीत.

७ ऑक्टोबर

सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवलं, उरलेल्या सायकली फक्त ल्युकोव्होरिन आणि फाईव्ह एफयू. मी बर्फाचं विचारलं. म्हणाले, आज नको, पुढच्या वेळी आधी घोटभर गार पाणी देऊन बघा, घशाला काही झालं नाही तर करा.

दिवाळीच्या दिवसांत दहावी येत होती, ती २४ ला ठेवली. म्हणजे लक्ष्मीपूजन पंधराव्या दिवशी. बेसनाचा लाडू चालणार, चकली नाही, तिचे काटे तोंडात लागतात.

२४ ऑक्टोबर

काल घरी गार पाणी दिलं, आधी पाव घोट, मग एक घोट. आई गरम पाण्याचा तांब्या धरून शेजारी. काही झालं नाही.

आज डे-केअरला थर्मासमध्ये बर्फ घेऊन गेलो, उकळलेल्या पाण्याचा, बारीक फोडलेला. फाईव्ह एफयूचा डोस सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीपासून एकूण अर्धा तास तोंडात फिरवत राहायचा. जिभेखाली, दोन्ही गालांत, ओठाच्या आत. कवळी काढून. दहाव्या मिनिटाला कंटाळले, तोंड बधिर झालं, मग सिस्टरनी त्यांना तालमीचं विचारलं आणि बर्फ तोंडात ठेवून आण्णा वीस मिनिटं हातवारे करत गदेच्या कुस्त्या सांगत होते. पंपातलं औषध पुढे ४६ तास जाणारच आहे, त्याला बर्फ काही करू शकत नाही, हे माहीत आहे.

२ नोव्हेंबर

दहावा दिवस. एकही फोड नाही. नववीत एक लहान आला होता.

फाउंड्रीच्या नियमानं बघितलं तर ही ट्रायल बाद आहे, कारण ऑक्सॅलिप्लॅटिन थांबलं आणि बर्फ सुरू झाला, मधे एकच सायकल गेली, शिवाय कवळी, गुळण्या सगळं चालूच आहे. कशानं किती फरक पडला ते मी सांगू शकत नाही. तरी बर्फ चालूच ठेवणार.

१५ नोव्हेंबर

अकराव्या सायकलचा नववा दिवस. गालात एक जागा लाल, फोड नाही. वजन ६६.८.

आईनं आमच्यासाठी खर्डा केला होता. आण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. जूनमध्ये याच वासानं ते मागच्या दारानं बाहेर गेले होते. आज विचारलं, "लवंगी हाय का साधी?" खायला दिला नाही, अजून झोंबेल. वाटी नाकाजवळ धरली आणि परत दिली.

बारावी सायकल २१ ला. बर्फ गुरुवारी रात्री लावायचा. लाकडी चमचा एक मोडलाय, नवीन आणायचा.